मुद्दा क्रमांक एक : मी पक्षपाती आहे काय?

६ जानेवारी, सोमवार. संध्याकाळ.

जिल्हा न्यायाधीशांकडून गोपनीय पाकीट आलं. वाटलं, प्रमोशन. कंदी पेढे कुणाकरवी मागवायचे इथपर्यंत विचार गेला. सातारचा माणूस, दुसरं काय सुचणार. फोडलं तर तक्रार निघाली. माझ्याविरुद्ध! 'पक्षपात व न्यायिक पदास न शोभणारे वर्तन.' दहा दिवसांत खुलासा करा म्हणतात.

हद्द झाली. मी, ज्यानं आजवर वकिलाच्या घरचा चहा घेतला नाही, तो पक्षपाती!

तक्रारदार रंगुबाई. मेंढरं राखणारी म्हातारी. सुभेदार अमृत मोहिते (निवृत्त) यांच्या रानातून ओढ्याला जायला आपली वाट आहे, असं तिचं म्हणणं. वाट नाहीच, असा सुभेदारांचा दावा. मी तात्पुरता मनाई हुकूम दिला : निकाल लागेपर्यंत त्या रानातून मेंढरं न्यायची नाहीत. एवढंच प्रकरण.

आता तक्रारीत काय, तर म्हणे सुभेदार साक्षीला आले तेव्हा मी डायसवरून अर्धवट उठलो आणि जय हिंद म्हणालो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्यांना खुर्ची ठेवायला लावली. रंगुबाईला मात्र 'दाराशी उभी राहा, मेंढरांचा वास येतोय' असं म्हणालो. आणि तिची वकील, अॅड. नीलिमा, सुभेदारांचा उलटतपास घ्यायला उठली तर 'सीमेवर उभ्या राहिलेल्या माणसाला असले प्रश्न विचारता?' म्हणून तिला खाली बसवलं.

हे सगळं खरं आहे. पण यात पक्षपात कुठं आला?

मुद्दा क्र. १ : मी पक्षपाती आहे काय?
निष्कर्ष : नाही.
कारणमीमांसा : मला स्वतःला तसं कधीही जाणवलेलं नाही.

७ जानेवारी.

संयोगितानं, म्हणजे पत्नीनं, तक्रार वाचली. विचारलं, वासाचं खरंच बोललात का? म्हटलं, कोर्टहॉलची हवा खेळती राहावी एवढाच हेतू होता. ती म्हणाली, मग तंबाखू मळणाऱ्या वकिलांना का नाही दाराशी उभं केलं? मी म्हटलं, हा प्रश्न असंबद्ध आहे. ती म्हणाली, घरात ऑब्जेक्शन चालत नाही.

बायकोला उलटतपास घेता येतो हे लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं.

संकल्प : उद्यापासून संपूर्ण समानता. एकही माणूस बोट दाखवू शकणार नाही.

९ जानेवारी.

समानता सुरू केली. येईल त्या साक्षीदाराला खुर्ची, येईल त्याला जय हिंद. मोटार चोरीतला आरोपी खुर्चीत बसला आणि झोपला. हवालदारानं उठवलं तर माझ्याकडं तक्रारीच्या नजरेनं बघायला लागला. चेक न वटल्याच्या केसमधल्या एका व्यापाऱ्याला जय हिंद म्हणालो, तर तो घाबरून अटेन्शनमध्ये उभा राहिला आणि वकिलाला विचारू लागला, राष्ट्रगीत म्हणायचंय का.

दिवसभराच्या प्रकरणांचा बोर्ड अर्धासुद्धा संपला नाही. पण समानता आली, हे कुणीही मान्य करील.

१३ जानेवारी.

नवा शोध. पक्षपात डोळ्यांतून दिसतो, असं एका निवाड्यात कुठंतरी वाचलं होतं. म्हणून आज दिवसभर वादी-प्रतिवादी दोन्हीकडं सारखंच बघितलं. डावीकडं जितकं, तितकंच उजवीकडं. वकील मंडळी एकमेकांना कोपरानं ढोसत होती. ढोसू देत.

संध्याकाळी मान वळेना.

१४ जानेवारी. संक्रांत.

मानेला पट्टा. डॉक्टर म्हणाले, समोरच बघायचं. वा! म्हणजे आता निःपक्षपातीपणा वैद्यकीयदृष्ट्याही सिद्ध झाला. खुलाशाला सर्टिफिकेट जोडणार.

तिळगूळ द्यायला फारसं कुणी आलं नाही.

१५ जानेवारी.

खुलासा रवाना. उत्तम उतरला आहे. मला विशेष आवडलेला परिच्छेद इथं उतरवून ठेवतो : 'मी जातपात मानत नाही. याचा ठोस पुरावा असा, की माझे पट्टेवाले केरू हे नवबौद्ध समाजाचे असून त्यांच्या हातचे पाणी मी वर्षानुवर्षे रोज पितो.'

संयोगिता म्हणाली, हे वाक्य काढा, पाया पडते. मी म्हटलं, अगं, हाच तर माझा सगळ्यात भक्कम पुरावा. केरूलाच वाचून दाखवलं. तो 'व्हय सायेब' म्हणाला आणि बाहेर गेला.

१७ जानेवारी.

केरू कालपासून सीलबंद बाटली आणून ठेवतोय. झाकण मीच उघडायचं. विचारलं तर म्हणाला, 'तुमालाच बरं सायेब, पुरावा ऱ्हाईल.' मानेच्या दुखण्यामुळं मला उकळलेलं पाणी लागत असावं असा त्याचा समज दिसतो. चांगला माणूस आहे.

२६ जानेवारी.

ध्वजवंदन झालं. वाटलं होतं सुभेदार येतील. आले नाहीत.

आज मन भरून आलं, म्हणून लिहितो. आमच्या गावात घरटी एक तरी फौजी. आजोबा, वडील, दोन चुलते, सगळे फौजेत. मीही भरतीला उभा राहिलो होतो, दोन वेळा. धावण्यात पहिला आलो. तळवे सपाट निघाले. वडील नुसते एसटीत माझ्या शेजारी बसून राहिले. मग मी कायदा शिकलो.

सुभेदार पिंजऱ्यात आले तेव्हा त्यांचे गुडघे दुखत होते, ते मला दिसलं. त्यांना खुर्ची दिली तेव्हा किती बरं वाटलं मला! हे खुलाशात कसं लिहायचं? लिहिलं असतं तर मुंबईचे, हायकोर्टातले लोक हसले असते.

२ फेब्रुवारी.

खुलासा असमाधानकारक, असं खालून कळलं. वर पाठवलाय म्हणे. पन्नाशीला सेवेचं पुनर्विलोकन होतं, अयोग्य वाटलं तर घरी पाठवतात. मला पन्नास यायला आता फार वेळ नाही. जेवण गेलं नाही. संयोगिताला म्हटलं, ऊन लागलं. ती म्हणाली, फेब्रुवारीत?

४ फेब्रुवारी.

सुचलं! अरे, इतकं साधं कसं सुचलं नाही!

सत्कार.

आपल्याकडं शाल आणि नारळानं मिटत नाही असं भांडण नाही. निवडणुकीत डोकी फुटलेली माणसं आठवड्याच्या आत एकमेकांना फेटे बांधतात. विधी सेवा समितीचा अध्यक्ष मीच. रंगुबाईच्या गावात कायदेविषयक शिबिर घेतो. 'जागरूक महिला पक्षकार' म्हणून तिचा भरसभेत सत्कार. जिल्हा न्यायाधीश प्रमुख पाहुणे. बाई भावुक होऊन दोन शब्द बोलणार. तक्रार तिथल्या तिथं विरघळणार.

संयोगिता म्हणाली, चौकशी चालू असताना तक्रारदाराला शाल? तिच्या माहेरी, आष्ट्याला, सत्कारांची परंपरा नसावी.

१६ फेब्रुवारी, रविवार.

शिबिर पार पडलं.

मंडप चांगला होता. गर्दीही होती. जिल्हा न्यायाधीशांनी कार्यक्रमपत्रिका वाचली आणि मला हळूच विचारलं, या रंगुबाई म्हणजे त्याच का? मी म्हटलं, हो सर, तेच तर सरप्राइज आहे. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि पुढं कार्यक्रमभर उचलला नाही.

शाल घातली. नारळ दिला. टाळ्या झाल्या. निवेदकानं माइक रंगुबाईच्या हातात दिला. ती नारळाकडं बघत म्हणाली, 'ह्यो कशापायी? निकाल लागला व्हय?' लोक हसले. मी खुणेनं सांगितलं, बोला, चार शब्द बोला. तर ती बोलायलाच लागली. म्हणाली, 'सायबानं मला खुर्ची दिली न्हाई त्येचं मला काय न्हाई वो. मेंढरामागं उभा जल्म गेलाय, उभं ऱ्हायाला मी भीत न्हाई. पर सायेब माज्याकडं बघतच न्हवतं. मी बोलत हुती तवा पेनाला टोपान लावत हुतं. वाट बंद झाली, तवापास्नं मेंढरं हमरस्त्यानं पाण्याला न्यावं लागत्यात. परवा टरकाखाली गाभण मेंढी गेली. शाल नगं सायेब, वाट द्या.' आणि शाल घडी करून नारळासकट टेबलावर ठेवली.

टाळ्या मात्र प्रचंड पडल्या. शाल घातली तेव्हा पडल्या त्याहून जास्त.

जिल्हा न्यायाधीश न जेवता गेले. भाकऱ्या उरल्या.

संयोगिता म्हणाली, यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी म्हटलं, भावना महत्त्वाची असते, आणि ती पोचली.

१८ फेब्रुवारी.

रंगुबाईची नात पल्लवी कुपवाडला कारखान्यात कामाला आहे. तीच आजीला टू-व्हीलरवर कोर्टात आणते. त्या पोरीनं सगळं भाषण मोबाइलवर घेतलं होतं. आष्ट्याहून मेहुण्याचा फोन आला : 'दाजी, तुमचा व्हिडिओ आमच्या हळदीच्या सौद्यात पण आलाय.' मी विचारलं, लोक काय म्हणतात? तो म्हणाला, म्हातारी लय भारी बोलली म्हणत्यात.

माझ्याबद्दल काही नाही, म्हणजे वातावरण अनुकूल आहे.

७ मार्च, शुक्रवार.

निलंबित.

दोषारोप वाढले. जुने होतेच, शिवाय नवीन : 'प्रकरण चौकशीधीन असताना तक्रारदारास शाल व श्रीफळ देऊन वश करण्याचा प्रयत्न.' वश! मी काय मांत्रिक आहे?

चौकशी संपेपर्यंत मुख्यालय सांगली. कोर्टाची गाडी परत. दालनाची किल्ली परत. केरूनं सामान रिक्षात ठेवलं. निघताना म्हणाला, 'पाणी पीत ऱ्हावा सायेब.' मला रडू आलं. वळून बघता आलं नाही. मानेचा पट्टा होता म्हणून बरं.

३० मार्च. पाडवा. सांगली.

भाड्याचा फ्लॅट. गुढी उभारली. शेजाऱ्यांनी विचारलं, आपण काय करता? म्हटलं, न्याय खात्यात. सध्या रजेवर.

संकल्प, नववर्षाचे : पहाटे उठणे. स्वतःची केस स्वतः लढणे. एकवीस दिवसांत बचाव तयार. रंगुबाईविषयी मनात राग न ठेवणे.

शेवटचा उद्यापासून.

२२ एप्रिल.

पहाटे उठणे जमत नाही, कारण झोपच लागत नाही.

सकाळी घाटावर फिरायला गेलो. समोरून एक वकील आले. माझ्या कोर्टात रोज 'माय लॉर्ड'च्या खाली बोलत नसत, मी नको नको म्हणत असताना. मला बघून त्यांनी चप्पल तुटल्यासारखं केलं आणि खाली वाकले. मी बराच वेळ थांबलो. चप्पल दुरुस्त होईना. शेवटी मीच पुढं आलो.

मोबाइल दिवसभर वाजला नाही. संध्याकाळी वाजला. कर्ज पाहिजे का म्हणून एक मुलगी विचारत होती. तिच्याशी बरंच बोललो. भली मुलगी.

१४ मे.

काही नाही.

१५ मे.

आजही.

२ जून.

भीती वाटते. इथं लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही. नोकरी गेली तर मी कोण? सातारच्या घरी परत जायचं आणि लोकांनी विचारायचं, साहेब इकडं कसे? काय सांगू? सुट्टीवर आलोय, असं किती वर्षं सांगता येतं?

पण जाणार नाही. कारण सत्य माझ्या बाजूला आहे. आणि माझ्या बाजूला सुभेदार आहेत.

३ जून.

आज सुभेदारांना फोन लावला. बचावाचे साक्षीदार म्हणून याल का? म्हणाले, 'बुलावा आला की रिपोर्ट करतो साब. जे हाय ते सांगतो.' कसा माणूस! एका वाक्यात सगळं. संयोगितानं विचारलं, काय सांगणार आहेत ते विचारलंत का? म्हटलं, अशा माणसाला काय विचारायचं? फौजी आहे तो.

दोन महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

८ जुलै.

चौकशी सुरू. चौकशी अधिकारी थेट भरतीचे जिल्हा न्यायाधीश, वयानं माझ्यापेक्षा लहान. मला 'अपचारी' म्हणाले, म्हणजे गैरवर्तनाचा आरोप असलेला. आहे, शब्द नियमात आहे. पण कसा म्हणाले! माझ्याकडं न बघता. आणि खात्याची बाजू मांडणाऱ्या अधिकाऱ्याशी मात्र पाच मिनिटं पुण्याच्या ट्रॅफिकवर हसून बोलले. त्याला चहा. मला विचारलंसुद्धा नाही. मी बोलायला लागलो तर म्हणाले, थोडक्यात सांगा.

पक्षपात! उघड, नागडा पक्षपात!

९ जुलै.

चौकशी अधिकारी बदलून मिळावा म्हणून अर्ज दिला. जळजळीत लिहिला. 'अर्जदारास सदर अधिकाऱ्यांकडून न्याय मिळेल असा विश्वास वाटत नाही, कारण ते अर्जदाराकडे पाहतही नाहीत.'

संयोगिता म्हणाली, रंगुबाईला असंच वाटलं असेल. म्हटलं, तिची गोष्ट वेगळी. कशी वेगळी, विचारलं. म्हटलं, भाजी करपतेय बघ.

भाजी अजून चिरायची होती.

२५ जुलै.

अर्ज फेटाळला. 'निव्वळ मनातील शंका पुरेशी नाही.' म्हणजे माणसाच्या मनाला काही किंमतच नाही का या देशात?

१२ ऑगस्ट.

रंगुबाईची साक्ष. नातीच्या खांद्यावर हात ठेवून आली. चौकशी अधिकाऱ्यांनी तिला बसायला सांगितलं. ती म्हणाली, 'उभीच बरी हाय.' मुद्दाम!

उलटतपास मीच घेतला. खूप तयारी केली होती. पहिलाच प्रश्न बिनतोड : मेंढरांना वास असतो, हे खरं की नाही? ती म्हणाली, 'असतोय की. कोर्टाला पण असतोय.' स्टेनो हसली. मी विचारलं, कोर्टाला कसला? ती म्हणाली, 'ते तुमास्नी ठावं. तुमी रोज बसतासा.'

मग ती आपणहून मेलेल्या मेंढीचं सांगायला लागली. मी हरकत घेतली, असंबद्ध आहे. चौकशी अधिकारी म्हणाले, ओव्हररूल्ड. आणि तिच्याकडं बघत राहिले, अगदी ती संपेपर्यंत.

बाहेर अॅड. नीलिमा भेटल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, सर, त्या दिवशी मला फक्त एक प्रश्न विचारू द्यायचा होतात. मी विचारलं, कुठला? त्या म्हणाल्या, सुभेदारांना विचारा.

विचारतोच! ते माझेच साक्षीदार आहेत.

१० सप्टेंबर.

आज विजयाचा दिवस ठरणार. इस्त्रीचा कोट. सकाळी लवकर लिहितोय. संध्याकाळी सविस्तर.

१० सप्टेंबर. संध्याकाळ.

सविस्तर लिहायला हात वळत नाही. तरी लिहितो.

सुभेदार आले. छातीवर मेडल. ताठ. शपथ दिली. मी विचारलं, मी आपल्याशी वागलो ते माजी सैनिकाच्या सन्मानापोटी, की आपल्याला झुकतं माप द्यायला? ते म्हणाले, 'साब, तुमी लय चांगलं वागला. वीस मिनिटं बोलला. सियाचीनला थंडी किती असती विचारलं. राशन कसं याचं विचारलं. गोळी कुठं लागली विचारलं.' मी चौकशी अधिकाऱ्यांकडं विजयी मुद्रेनं बघितलं. तेवढ्यात सुभेदार म्हणाले, 'पर वाटंचं न्हाई विचारलं.'

मी म्हटलं, एवढं पुरे. चौकशी अधिकारी म्हणाले, बोलू द्या त्यांना.

आणि ते बोलले. दावा पोरानं लावला, त्याला रानात प्लॉट पाडायचेत, माझी नुसती सही घेतली. वाट माझ्या आज्यापास्नं हाय. रंगुबाईचा सासरा त्याच वाटेनं मेंढरं न्यायचा, मी पोरगा असताना बघितलंय. त्या दिवशी कोर्टात मी हेच सांगायला आलो होतो. वकीलबाई विचारायला उठल्या, 'ही वाट आधीपासून आहे का?' एवढं त्यांच्या तोंडातून निघालं आणि साहेबांनी त्यांनाच खाली बसवलं. आता साहेबच नको म्हणतात म्हटल्यावर मी कोण बोलणार? वरिष्ठानं थांब म्हटलं की थांबायचं, अशी आमची सवय. 'घरी गेल्यावर झोप न्हाई लागली साब.'

काय म्हणावं याला! हा मनुष्य शपथ घेऊन चक्क खरं बोलला! माझ्या उभ्या कारकिर्दीत असा साक्षीदार पाहिला नाही. बचावाच्या साक्षीदारानं कसं बोलायचं असतं, हे त्याला आधी कुणीतरी समजावायला हवं होतं.

जिन्यात त्यांनी मला सॅल्यूट ठोकला. म्हणाले, 'वाईट वाटून घेऊ नका साब. शपथ घेतली व्हती.' गुडघे धरून एकेक पायरी उतरत गेले. मी हात द्यायला पुढं झालो नाही. का झालो नाही, कळत नाही.

३ ऑक्टोबर.

सुभेदारांनी दावा काढून घेतला. नव्या न्यायाधीशबाईंनी पहिल्याच तारखेला प्रकरण निकाली काढलं. वाट खुली. दोन वर्षं मी जी केस इतक्या गांभीर्यानं चालवली, ती अर्ध्या पानात संपली. हल्लीच्या न्यायाधीशांत सखोलता राहिलेली नाही.

संयोगिता म्हणाली, मेंढरं आता रस्त्यावरनं जाणार नाहीत, बरं झालं. माझ्याकडं बघत म्हणाली. उत्तराची वाट बघत होती. मी म्हटलं, हो. मेंढरांचं भलं झालं.

१७ ऑक्टोबर.

आज माझं अंतिम निवेदन.

लिहून नेलेलं बाजूला ठेवलं आणि मनातलं बोललो. तासभर. आयुष्यात इतका कधी बोललो नव्हतो. तळव्यांचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं, एसटीतलं सांगितलं. पेढ्याचा तुकडासुद्धा कुणाकडून घेतला नाही हे सांगितलं. नोकरी गेली तर मला काही येत नाही, दुसरं काही शिकलोच नाही, हेही सांगितलं. सर, तुम्ही पण न्यायाधीश आहात, तुम्ही तरी मला समजून घ्या, असं म्हणालो. हात जोडले. हो, जोडले.

आणि चौकशी अधिकाऱ्यांनी चष्मा काढून डोळे पुसले! मी स्वतः पाहिलं. नंतर त्यांनी डोळ्यांत दोन थेंब औषध घातलं, पण ते भावना लपवायला.

पहिल्यांदाच मला वाटलं, या माणसानं मला ऐकलं. घरी येताना फुलं आणली. संयोगिताला म्हटलं, सुटलो आपण. पुढच्या संक्रांतीला सातारला आपल्या घरी, आणि मी परत डायसवर. तिनं फुलं पाण्यात ठेवली.

संकल्प : रुजू झाल्यावर त्या अधिकाऱ्यांना आभाराचं पत्र. विनाकारण मी त्यांच्याविरुद्ध अर्ज दिला.

१२ डिसेंबर, शुक्रवार. दुपार.

बेलीफ आला. वरून आदेश.

सगळे दोषारोप सिद्ध. सक्तीची सेवानिवृत्ती.

सोबत चौकशी अहवालाची प्रत. ते सक्तीचं वगैरे मी नंतर वाचलं. आधी माझं निवेदन शोधलं. एवढं बोललो होतो, त्यावर काय लिहिलंय ते बघायचं होतं. रंगुबाईची साक्ष अडीच पानं. सुभेदारांची तीन. माझं सापडेना. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. शेवटी सापडलं, एक ओळ : 'अपचारी अधिकाऱ्याचे याव्यतिरिक्त विशेष असे काही म्हणणे नाही.'

चष्मा पुसून वाचलं. संयोगिताला वाचायला दिलं. तिनंही तेच वाचलं. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आत गेली.

बेलीफ दारात उभाच होता. म्हणाला, पोच द्या सायेब, अजून मिरजेला जायाचंय. मी म्हटलं, अहो, मी तासभर बोललो होतो. सगळं सांगितलं होतं त्यांना. सगळं.

'व्हय सायेब,' तो म्हणाला. 'हितं सही.'

केली.